गाढविणीचा उपास

६ फेब्रुवारी

काठी आली. एकटी नाही आली, सोबत गाढव घेऊन आली.

दादा आठवडाभर सांगत होता की एक डॉक्टर आपल्याकडे राहायला येणार आहे, गाढवांच्या रक्तातल्या चरबीवर तिचं काम चाललंय, दोन-तीन महिने राहील. कोण डॉक्टर, विचारलं तर "येईल तेव्हा बघ." दादा काही लपवत असला की त्याच्या कानाच्या पाळ्या लाल होतात. साठी उलटली तरी होतात. मला वाटलं, कुणी तरणी पोर असेल.

ट्रकमधून उतरली ती काठी. त्रेचाळीस वर्षांनी. केस पांढरे झालेत, पण उंची तशीच. कॉन्व्हेंटच्या वर्गात छताची जळमटं काढायला सिस्टर जिला उभं करायच्या तीच ही. उंच मुलींनी मागे बसायचं असा नियम होता. ही मात्र हट्टानं पुढच्या बाकावर माझ्या शेजारी बसायची आणि मागच्यांना फळा दिसायचा नाही. मी बुटकी आणि गोल, म्हणून मला सगळ्या बटण म्हणायच्या.

"बटण!" ती ट्रकच्या पायरीवरूनच ओरडली. त्या नावानं कुणी हाक मारल्याला इतकी वर्षं झालीत की कुणाला बोलावतेय ते पाहायला मी मागे वळले.

तिचं दुसरं वाक्य, "अगं, किती वाळलीस!" म्हणे वाळलीस. स्वतः काठी ती काठीच.

आमचा पत्रव्यवहार राहून गेला होता. राहून जातात अशा गोष्टी.

दादानं तिला आईची खोली दिलीय. मला विचारलं होतं, मी हो म्हटलं होतं. पण ते एका अनोळखी डॉक्टरणीसाठी.

९ फेब्रुवारी

मोठ्या बाईंनी आज पाहुण्याच्या मानेवर मान ठेवली. सकाळपासून हेच डोळ्यांसमोर आहे.

मोठ्या बाई म्हणजे आमची सगळ्यांत जुनी गाढवीण. अंग राखाडी, तोंडाभोवती पांढरं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला थेट आमच्या मुख्याध्यापिका आठवल्या, त्यांना आम्ही पाठीमागे मोठ्या बाई म्हणायचो. तेच नाव पडलं आणि नावाबरोबर मान आला. त्या येतात, त्या जातात, त्या चावतात. बावीस वर्षांपूर्वी दादानं त्याच्या जनावरांच्या दवाखान्याबरोबर घरामागच्या जुन्या वखारीत थकलेली गाढवं सांभाळायला घेतली, तेव्हा वीटभट्टीवरून पहिल्या याच आल्या. आता चौदा आहेत. बाकीची जोडीजोडीनं असतात, एक तिघींचं टोळकं आहे. मोठ्या बाई एकट्या. एकट्या म्हणजे त्यांना मी होते.

पाहुणा हे काठीचं गाढव. त्याचं खरं नाव तिनं सांगितलं होतं, मी विसरले. खरं लिहायचं तर विसरायचं ठरवलं. तपकिरी, तरणा, पोट सुटलेला. तीन दिवसांत त्यानं मोठ्या बाईंना असं काय सांगितलं कोण जाणे. बावीस वर्षांत त्या कुणाच्या शेजारी उभ्या राहिल्या नाहीत, आणि आता दोघं तोंडाला शेपूट लावून उभे असतात. तो यांच्या माश्या हाकलतो, या त्याच्या.

माश्या मीही हाकलत होते. रोज. फडक्यानं.

१३ फेब्रुवारी

काम सुरू झालं. काठीचं काम सांगायला सोपं आहे. घोड्याला दोन दिवस चारा मिळाला नाही तर घोडा भुकेला होतो. गाढवाचं तसं नाही. गाढव उपाशी राहिलं किंवा आतून धास्तावलं की त्याच्या अंगावरची चरबी विरघळून रक्तात उतरते. रक्त दुधाळ होतं, मग भूक आणखी मरते, मग आणखी चरबी उतरते. वेळेत लक्षात आलं नाही तर आठवड्यात जनावर जातं. आणि गाढवाचा स्वभाव असा की दुखलं तरी सांगायचं नाही. उपास आणि ताण यांनी ही चरबी नेमकी किती चढते, ते तिला मोजायचंय. मुद्दाम उपाशी ठेवायचं नाही. खूर कापणं, ट्रकचा प्रवास, उशिरा आलेला चारा, अशा एरवीही होणाऱ्या गोष्टींच्या आधी आणि नंतर थोडं रक्त घ्यायचं.

रक्ताच्या नळ्यांचं काम पहिल्यापासून माझं. नळी फिरकीत घालून फिरवली की लाल खाली बसतं आणि वर पिवळसर पाणी राहतं, ते सीरम. नळी लिहिलेल्या कागदासमोर उजेडात धरायची. पलीकडची अक्षरं वाचता आली तर सगळं ठीक. अक्षरं बुडाली तर धावायचं. दादा वर्तमानपत्र धरायचा. मी बावीस वर्षं एकच पान वापरते, खिडकीच्या काचेला चिकटवलेलं. माझ्या शाळेच्या वहीतलं.

आज काठी त्या पानासमोर बराच वेळ उभी राहिली. त्यावर इंग्रजीत एकच वाक्य आहे, ओळीखाली ओळ : मी वर्गात शेजारणीशी बोलणार नाही. शंभर वेळा लिहायची शिक्षा होती, मला एकटीला. वरच्या ओळी माझ्या, गोल, सिस्टरनी शिकवल्या तशा. खालच्या काठीच्या, तिरक्या, घाईनं जिना उतरल्यासारख्या. निम्मी शिक्षा तिनं लिहून दिली होती. सिस्टरनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं करून वही परत दिली.

"हे अजून आहे तुझ्याकडे?"

"कागद जाड आहे. टिकतो," मी म्हटलं.

तिनं आकडे सांगणारं एक छोटं यंत्र आणलंय. मला वाटलं, आता माझं पान उतरणार. तर म्हणाली, "आधी तुझं पान, मग माझं यंत्र. पहिली नजर तुझी." मोठेपणा दाखवायची जुनी सवय.

दुपारी चहा घेऊन ओसरीवर गेले तर दादा तिला हळू आवाजात सांगत होता, "आई गेल्यापासून नऊ किलो तरी..." मला पाहून काठी एकदम आभाळाकडे पाहायला लागली. आभाळात काही नव्हतं.

१७ फेब्रुवारी

सफरचंदाच्या साली घेऊन गेले. मोठ्या बाईंनी एक घेतली, दुसरी घेतली. तेवढ्यात पाहुणा पलीकडे नुसता फुरफुरला, आणि तिसरी साल माझ्या हातात तशीच ठेवून त्या चालू लागल्या.

मी हात पुढे करून उभी. भट्टीवाले काका पाहत होते. काकांनी चाळीस वर्षं वीटभट्टीवर गाढवं हाकली, आता इथं त्यांचं सगळं करतात. म्हणतात, तेव्हा मी यांना हाकायचो, आता ही मला हाकतात.

"म्हातारपणी जमली जोडी," काका म्हणाले. "कुणाचं कधी जमेल सांगता येत नाही ताई."

साल मीच खाल्ली.

१८ फेब्रुवारी

ती त्याला दादा म्हणते. सगळ्यांसमोर दादा म्हणते. पण कसं म्हणते!

२० फेब्रुवारी

जेवायला बसलो होतो. काठी आईच्या खुर्चीवर. खुर्च्या तीनच मांडलेल्या असतात, ती दुसरीकडे कुठं बसणार, हे मला कळतं. तरी.

दादा तिला सांगत होता, आमच्या घरात 'गाढव' ही शिवी नाही, फार राग आला तर आम्ही 'माणसासारखं वागू नकोस' म्हणतो. बावीस वर्षांत हा विनोद मी इतक्यांदा ऐकलाय. ती इतकी हसली की पाण्याचा पेला कलंडला. मग दादाही हसला. आई गेल्यानंतर दादा असा हसला नव्हता. मी त्याला हसवू शकले नाही, ते या बाईनं दोन आठवड्यांत केलं.

"बटण, ताटात सगळं तसंच आहे."

"भूक नाही."

"काल पण नव्हती."

"तू गाढवांचं मोज," मी म्हटलं.

दादानं घसा साफ केला. काठीनं पाव माझ्याकडे सरकवला. मी तो परत सरकवला. शाळेतही ती डबा अशीच सरकवायची. तेव्हा मी तिचं अर्धं खायची आणि ती माझं.

शिवणकामाच्या सिस्टर म्हणायच्या, मत्सर हा आतल्या बाजूनं घातलेला चुकीचा टाका. वरून दिसत नाही, पण सगळं कापड ओढून घेतो. माझे जुने झगे मी दोनदा आत घेतलेत यंदा. सिस्टर असत्या तर उलटून पाहिले असते.

यंत्र बिघडलंय. उद्या दादा आणि ती ते घेऊन शहरात जाणार, तीन दिवस. दोघंच. मला विचारलं, "येतेस?" मी म्हटलं, नळ्या कोण बघणार?

"तीन दिवस नळ्या नाही बघितल्या तर काय होतंय?" काठी म्हणाली.

बघा. इतकीच किंमत.

२१ फेब्रुवारी

ते सकाळी गेले. दादानं तिच्यासाठी ट्रकचं दार उघडून धरलं. माझ्यासाठी धरतो का, आठवून पाहिलं. धरतो. पण तरी.

दहा वाजता काकांना सांगितलं, पाहुण्याला कालव्यापलीकडच्या रोपवाटिकेच्या कुरणात नेऊन बांधा. मोठ्या बाईंच्या वाटणीचा पेंढा खातो तो, त्याचं वजन वाढतंय.

काका खराटा घेऊन उभे राहिले. "ताई, भट्टीवर आम्ही जोडीतलं एक कधी विकत नव्हतो. विकायचं तर दोन्ही. एक गेलं की दुसरं तोंड मिटून घ्यायचं. आठवडासुद्धा काढायचं नाही."

"विकतंय कोण? अर्ध्या तासाच्या वाटेवर आहे."

"त्यांना वाट कुठं माहीत."

"काका, मी सांगते ते करा."

इतकी वर्षं काकांशी मी या आवाजात बोलले नव्हते. त्यांनी दावं सोडलं. वहीत मी पाहुण्याच्या नावापुढं लिहिलं, 'वजनासाठी वेगळा ठेवला.' गोल अक्षरात.

तो कालव्यापर्यंत ओरडत गेला. मग ऐकू येईनासं झालं.

२२ फेब्रुवारी

किती शांत दिवस! मोठ्या बाई सबंध सकाळ फाटकाशी माझ्याजवळ उभ्या होत्या. मी गळ्यात हात टाकला तरी हलल्या नाहीत. एरवी दोन मिनिटांत मला ढकलून देतात. आज मान खाली घालून, डोळे अर्धे मिटून, जणू माझं सगळं ऐकत होत्या. मी त्यांना आईबद्दल सांगितलं. काठीबद्दलही. चावल्या नाहीत, खिसे हुंगले नाहीत. जुने दिवस परत आले.

पेंढा तसाच पडलाय. पाहुण्यामुळे आधी जास्त खाल्लं गेलं असेल.

२३ फेब्रुवारी

साली घेतल्या नाहीत. पुदिना घेतला नाही. ओठांशी धरला तर तोंड बाजूला केलं. शेणाच्या गोळ्या छोट्या, कोरड्या.

मनाच्या समाधानासाठी काकांना धरायला लावून रक्त घेतलं. फिरकी फिरली. नळी खिडकीशी पानासमोर धरली.

वाचता आलं. मी वर्गात शेजारणीशी बोलणार नाही. पहिली ओळ, दुसरी ओळ, सातवी ओळ. सीरम जरासं धुरकट होतं, पण आज बाहेर उजेडच कमी होता. सगळं वाचता आलं मला. वहीत 'स्वच्छ' असं लिहिलं.

काकांनी विचारलं, "काय म्हणतं पान?"

"ठीक म्हणतं."

"मग खात का नाहीत?"

माझ्यावर रुसल्यात, मी म्हटलं. दोन आठवडे मी त्यांच्याकडे नीट लक्ष दिलं नाही, कामातच होते. आता हातानं भरवेन, येतील ताळ्यावर.

काका म्हणाले, "तिकडं तोही खात नाहीये."

२४ फेब्रुवारी

दुपारी ते आले. काठी ट्रकमधून उतरून घरात न येता सरळ वखारीत गेली. मोठ्या बाईंच्या तोंडाला तोंड लावून वास घेतला, हिरड्या पाहिल्या, कान चाचपले.

"किती दिवस खाल्लं नाही?"

"कालपासून जरा कमी खातायत. काल रक्त पाहिलं मी. स्वच्छ होतं."

"नळी आहे?"

नळी स्टँडमध्येच होती. तिनं ती माझ्या पानासमोर धरली आणि थांबली. मग दादाच्या पिशवीतलं वर्तमानपत्र काढलं, त्याच्यासमोर धरली. माझ्या हातात दिली.

एकही अक्षर दिसेना. मोठा मथळासुद्धा नाही. नळीत पातळ दूध होतं.

"काल वाचता आलं होतं गं," मी म्हटलं. "प्रत्येक ओळ."

"येणारच," काठी म्हणाली. हळूच म्हणाली. "तुला ते पाठ आहे."

मी नळी परत स्टँडमध्ये ठेवली. बावीस वर्षं मी त्या पानासमोर नळ्या धरतेय. आतापर्यंत नळ्या खरोखरच स्वच्छ होत्या म्हणून माझं पान चुकलं नाही. जे पाठ आहे ते वाचायला डोळे लागत नाहीत.

दुरुस्त झालेल्या यंत्रावर आकडा आला. अडीचशेच्या आत हवा. आठशे नव्वद आला.

दादानं सलाइन लावलं. काठीनं नाकातून नळी घालून पातळ खाणं सोडलं. मग हात पुसत तिनं मला विचारलं, "गेल्या तीन दिवसांत काय बदललं? माझं ध्यान कुठंय?"

"रोपवाटिकेच्या कुरणात. वजनासाठी." तिच्या कपाळाला आठी पडली, म्हणून मी लगेच पुढं म्हटलं, "पण काका रोज दोन वेळा आणतात त्याला. भेटतात दोघं."

काका बादली धूत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"मग जोडीमुळे नाही," काठी म्हणाली. "मग दात बघायला हवेत. जंत. पोट. कारण कळेपर्यंत त्याला इकडं आणू नका, त्यालाही लागायचं काही."

तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. शाळेतही ठेवायची.

२५ फेब्रुवारी

सकाळी एक हजार शंभर.

दिवसभर काठी कारण शोधतेय. दाढांवर हात फिरवला, पोटाला कान लावले, शेण धुऊन पाहिलं. काही सापडत नाही. नसलेल्या ठिकाणी कसं सापडेल? मोठ्या बाई उभ्याच आहेत. मी पुढं गेले तर माझ्याकडे पाहतसुद्धा नाहीत, माझ्या खांद्यावरून फाटकाकडे पाहतात. त्या शांत दिवशी पण फाटकाकडेच पाहत होत्या. मी मध्ये उभी होते, इतकंच.

हे मला आज लिहिताना कळलं. कालही कळलं असतं.

सांगायचं म्हणून दोनदा वखारीपर्यंत गेले. दोन्ही वेळा दादा आणि ती शेजारी-शेजारी वाकून सलाइन बघत होते, डोक्याला डोकं लागलेलं. दोन्ही वेळा परत आले. मरणाच्या दारातल्या जनावरापुढंसुद्धा मला तेच दिसतं.

२६ फेब्रुवारी

आज काय झालं ते जसंच्या तसं लिहिते.

सकाळचा आकडा एक हजार तीनशे. दादा म्हणाला, संध्याकाळपर्यंत उतरला नाही तर त्यांना अधिक त्रास द्यायचा नाही. त्याच्या बोलण्याचा अर्थ आम्हाला तिघांनाही कळला.

आम्ही स्वयंपाकघरात उभ्यानं चहा घेत होतो. काठी म्हणाली, "दादा, हे माझ्यामुळे झालं. मी परकं जनावर आणलं, मी रोज सुया टोचल्या. चौदा जणांचं नीट चाललं होतं. उद्या मी त्याला घेऊन जाते. काम दुसरीकडे करीन." मग माझ्याकडे वळली. "तुझं घर विस्कटायला नको होतं मी, बटण. आल्या दिवशीच दिसलं होतं तुझ्या तोंडावर. वाटलं होतं, होईल हळूहळू."

मला हवं होतं ते सगळं मिळत होतं. खुर्ची रिकामी, आईची खोली रिकामी, दादा माझा, मोठ्या बाई माझ्या. चहाचा घोट तोंडात होता. तो गिळता येईना. खरंच येईना, घशाचं दारच बंद. मला एकदम वाटलं, त्यांनाही असंच होत असेल.

घोट मोरीत थुंकला आणि म्हटलं, "काका त्याला आणत नव्हते. एकदाही आणलं नाही. मी नेऊन बांधला, एकवीस तारखेला. खोटं बोलले मी."

दादानं कप खाली ठेवला. "का?"

"त्या त्याच्या मागं गेल्या, म्हणून."

"कोण? मोठ्या बाई?"

मी मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, मलाही ठाऊक नाही.

काठीनं आधी बूट घातले. "आधी दावं, मग भांडण," म्हणाली आणि पळाली. एकसष्ट वर्षांची बाई कालव्याच्या बांधावरून पळत गेली. मी तिच्या मागं. काकांनी हातातला खराटा टाकला आणि फाटक उघडून धरलं.

परत येताना पाहुणाच आम्हा दोघींना ओढत होता. वखार शंभर पावलांवर आली आणि तो ओरडला. आतून काही आवाज नाही. पुन्हा ओरडला. मग आतून एक घोगरा, फाटका, अर्धाच सूर आला, गंजलेल्या बिजागरीसारखा. काका म्हणाले, "आहेत. बोलल्या."

त्यानं जाऊन त्यांच्या मानेवर मान टाकली. सलाइनची बाटली हलली. त्यांनी डोळे मिटले. मी दारातच थांबले, आत माझं काही काम नव्हतं.

भांडण दुपारी झालं, वखारीमागच्या पेंढ्यावर.

"अकरा पत्रं लिहिली मी," काठी म्हणाली. तिनं एकवीस तारखेचं काढलंच नाही, एकदम त्रेचाळीस वर्षं मागे गेली.

"माहीत आहे. डब्यात आहेत."

"डब्यात! अगं, उत्तर द्यायचं नव्हतं तर फेकून तरी द्यायची. मी वर्षभर पोस्टमनच्या वाटेवर डोळे लावून बसले."

"काय लिहू? आपण दोघींनी जनावरांच्या डॉक्टरकीचे अर्ज भरले होते. आई अंथरुणाला खिळली, मी राहिले, तू गेलीस. तू लिहायचीस, आज घोड्याचं हृदय हातात घेतलं. मी त्या दिवशी आईची चादर तीनदा बदललेली. तुझं एकेक पत्र वाचून मला वाटायचं, हे माझं होतं, ते ही जगतेय."

"मग हेच लिहायचंस ना, गाढवा!"

"आमच्या घरात ही शिवी नाही."

ती हसली नाही. रडत होती. मी तिला रडताना कधी पाहिलं नव्हतं, शाळेतसुद्धा नाही. नाक पुसून म्हणाली, "मला वाटलं, मी काहीतरी केलं. इतकी वर्षं मी आठवतेय, काय केलं असेल. दादाचं पत्र आलं तेव्हाही आधी तेच वाटलं, आता कळेल."

"दादाचं पत्र?"

"तू विचार त्याला."

२७ फेब्रुवारी

सकाळी मोठ्या बाईंनी पेंढ्याची एक काडी घेतली. पाहुण्याच्या तोंडातली, त्याची अर्धी खाऊन झालेली. आकडा नऊशे साठ.

काठी म्हणाली, इतक्यात नाचू नका.

दादाला पत्राचं विचारलं. कानाच्या पाळ्या लाल. म्हणाला, "बये, गाढवांचं रक्त मला मोजता येतं गं. काही गोष्टी मला मोजता येत नाहीत, म्हणून मोजणारीला बोलावलं." आणि दवाखान्यात निघून गेला. सरळ उत्तर देणं त्याच्या स्वभावातच नाही. गाढवांचं रक्त मोजायला तिला कशाला बोलवावं लागतं, ते काही मला कळलं नाही. यंत्रासाठी असेल.

काकांची माफी मागितली. म्हणाले, "तुमच्या आवाजाला भिऊन मी दावं सोडलं, ताई. निम्मी चूक माझी." निम्मी निम्मी वाटून घेणारेच भेटतात मला.

२ मार्च

पाचशे दहा. नाकातली नळी काढली. सकाळी काकांना चावल्या. काका दंड चोळत सगळ्यांना दाखवत फिरताहेत, जणू बक्षीस मिळालंय.

साली नेल्या होत्या. दोघांसमोर धरल्या. पाहुण्यानं माझ्या हातून पहिल्यांदाच खाल्लं. त्याचे ओठ त्यांच्याहून मऊ आहेत. हे लिहावंसं वाटत नव्हतं, पण आहेत.

मत्सर गेला असं नाही. त्या अजूनही मला सोडून त्याच्याकडे वळतात, आणि वळल्या की अजूनही इथं खुपतं. पण आता तिसरी साल मी त्यालाच देते.

७ मार्च

काठी म्हणाली, "आज यंत्र नंतर. आधी तुझं पान."

"त्या पानावर आता माझा विश्वास नाही. मी वर्तमानपत्र लावते."

"पान तेच. पण तू वाचायचं नाहीस, मी वाचेन. मला काही पाठ नाही, मी शिक्षा बघत बघत उतरवली होती."

नळी मी धरली. फिक्कट पिवळं, पावसानंतरच्या काचेसारखं. ती वाकली. चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि तिच्याच तिरक्या अक्षरातली ओळ मोठ्यानं वाचली, "मी वर्गात शेजारणीशी बोलणार नाही." मग दुसरी. मग तिसरी. तीच तीच ओळ ती वाचत राहिली आणि मी नळी धरून उभी. आवाज मात्र पंधरा वर्षांच्या मुलीचा वाटत होता.

"वर्ग सुटलाय, बटण," शेवटी म्हणाली. "केव्हाच."

यंत्राचा आकडा दोनशे तीस. वहीत 'स्वच्छ' लिहिलं. खाली दोघींच्या सह्या.

दुपारी पत्रांचा डबा काढला. पहिलं पत्र उघडलं, वसतिगृहात गेल्यावर पहिल्याच आठवड्यात लिहिलेलं. खोली लहान आहे, शेजारच्या कॉटवरची मुलगी घोरते, आणि खाली अधोरेखित करून, 'तू नीट जेवतेस ना?'

कागद घेतला. लिहिलं, 'तुझं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, माफ कर. तू विचारलंस ते. आज दोन पाव खाल्ले, आणि दुपारी तुझ्या ताटातलं अर्धं.'

घडी घातली आणि शेजारच्या खोलीच्या दाराखालून आत सरकवली. दहा उरलीत.